रूळ उखडल्यानंतरची वाट

३ जुलै १९५७ रोजी सकाळी शिकागोच्या पश्चिम उपनगरांतले नोकरदार नेहमीच्या विजेच्या गाडीने शहरात कामावर गेले. दुपारी न्यायालयाचा निकाल आला आणि ‘शिकागो, ऑरोरा अँड एल्जिन’ या कंपनीने प्रवासी गाड्या तिथल्या तिथे थांबवल्या. संध्याकाळी घरी परतायला गाडी नव्हती. पुढे दोन वर्षे मालगाड्या चालल्या, मग त्याही संपल्या आणि १९६१ मध्ये कंपनीने तो लोहमार्ग कायमचा सोडून दिला. रुळांखालच्या त्या लांबलचक पट्टीवर अनेकांचे डोळे होते. कुणाला रस्ता हवा होता, कुणाला विजेच्या तारांसाठी जागा, कुणाला गाड्या उभ्या करायला वाव. सप्टेंबर १९६३ मध्ये मे थिलगार्ड वॉट्स या सत्तरीच्या निसर्ग-अभ्यासक बाईंनी ‘शिकागो ट्रिब्यून’ला पत्र लिहिले. ही पट्टी तुकड्यातुकड्याने जाण्याआधी ती चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी राखा, असे त्यांचे म्हणणे होते. त्या पत्रातून ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ उभा राहिला. आज तो सुमारे शंभर किलोमीटरचा आहे.

शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात त्याच सुमारास एल्रॉय ते स्पार्टा हा १८७३ चा मार्ग बंद पडला होता. राज्य सरकारने तो विकत घेतला आणि १९६७ मध्ये सायकलींसाठी खुला केला. बावन्न किलोमीटरच्या या वाटेवर तीन बोगदे आहेत. त्यांतला सगळ्यात लांब बोगदा एक किलोमीटरहून मोठा आहे. आत मिट्ट काळोख असतो, छतातून पाणी ठिबकते आणि सायकल हातात धरून चालत जावे लागते. अमेरिकेतल्या रेल-ट्रेलचा, म्हणजे बंद लोहमार्गांवर केलेल्या वाटांचा, इतिहास बहुधा या दोन वाटांपासून सांगितला जातो. आज तिथे अशा दोन हजारांहून अधिक वाटा आहेत आणि त्यांची एकूण लांबी चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास भरते.

एवढी जमीन मोकळी झाली कुठून? १९१६ मध्ये अमेरिकेत चार लाख किलोमीटरहून अधिक लांबीचे लोहमार्ग होते. पुढे ट्रक आले, महामार्ग आले, रेल्वे कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या आणि एकाच दोन गावांमध्ये तीन-तीन कंपन्यांचे रूळ ठेवण्यात अर्थ उरला नाही. १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने तोट्यातले मार्ग सोडून देणे आणखी सोपे केले. निम्म्याच्या जवळपास मार्ग गेले. त्यांतले बहुतेक शेतात, गोदामांत, घरांच्या परसात कायमचे विरून गेले आणि वाटा झाल्या त्या उरलेल्या थोड्या मार्गांच्या. म्हणून या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पट्टीची अखंडता. डांबर आज नाही तर दहा वर्षांनी टाकता येते. शेकडो मालकांच्या जमिनींमधून सलग गेलेली पट्टी एकदा तुटली की ती पुन्हा जोडणे कोणत्याही सरकारला सहसा परवडत नाही.

ही पट्टी सायकलीला इतकी मानवते, याचे कारण वाफेच्या इंजिनात आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक चढाला घसरते, त्यामुळे जुन्या अभियंत्यांनी शक्य तिथे शंभर मीटरला एक-दोन मीटरहून अधिक चढ येऊ दिला नाही. त्यासाठी त्यांनी डोंगर कापले, ओढ्यांवर भराव घातले, बोगदे खणले आणि वळणे लांबरुंद ठेवली. पिट्सबर्ग ते कंबरलंड ही २४० किलोमीटरची ‘ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज’ ही वाट अ‍ॅपलाचियन डोंगररांग ओलांडते. माथा ७२९ मीटरवर आहे. पिट्सबर्गकडून निघालेला सायकलस्वार तो दोनशे किलोमीटरमध्ये गाठतो, म्हणजे आपण चढतो आहोत हे त्याला फारसे कळतही नाही. कंबरलंडच्या बाजूने तोच माथा चाळीसेक किलोमीटरमध्ये येतो आणि तिथेही सर्वांत तीव्र चढ शेकडा पावणेदोन इतकाच आहे. साठीतली माणसे, शाळकरी मुले, गुडघे दुखणारे लोक डोंगर पार करतात ते शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या मजुरांच्या कुदळीमुळे. बिग सॅव्हेज हा किलोमीटरभर लांबीचा बोगदा याच वाटेवर आहे. बर्फामुळे तो हिवाळ्यात बंद ठेवतात. या वाटेचा पहिला टप्पा १९८६ मध्ये ओहायोपाइल इथे सुरू झाला आणि शेवटचा २०१३ मध्ये जोडला गेला. मधली सत्तावीस वर्षे एकेक पूल, एकेक जमिनीचा तुकडा मिळवण्यात गेली.

रूळ आणि स्लीपर निघाल्यावर काम संपत नाही. लाकडी स्लीपर क्रिओसोट नावाच्या तेलात मुरवलेले असत. गवत मारायला वर्षानुवर्षे विषारी फवारे मारलेले असत. त्यामुळे आधी माती तपासावी लागते. खडी चांगली असेल तर तीच पाया म्हणून दाबून घेतात. जुन्या दगडी मोऱ्या बहुधा तशाच चालतात, कारण आगगाडीचे वजन पेललेल्या मोरीला सायकलींचा भार काहीच नाही. खरा खर्च पुलांवर येतो. उघड्या पुलावर फळ्या किंवा काँक्रीट, दोन्ही बाजूंना कठडे, रस्ता ओलांडायच्या जागी खांब आणि सूचना, आणि पाणी वाहून जायला बाजूचे नाले पुन्हा मोकळे करणे, अशी कामे त्यात येतात. नाल्यांची हयगय झाली की पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच वाट खचते.

मग पृष्ठभाग कशाचा, हा वाद. एल्रॉय-स्पार्टा, ग्रेट अ‍ॅलेगेनी आणि मिसूरीतली ३८६ किलोमीटरची केटी ट्रेल या वाटा चुनखडीच्या बारीक चुऱ्याच्या आहेत. चुरा दाबून बसवला की छान घट्ट होतो, स्वस्त पडतो, पायाला मऊ लागतो. पण मोठ्या पावसात तो वाहून जातो आणि ओला असताना साखळीत व ब्रेकमध्ये घुसतो. केटी ट्रेल मिसूरी नदीच्या काठाने जाते. मुळात १९८६ च्या पुराने रुळांचे नुकसान झाल्यावरच रेल्वेने तो मार्ग सोडला होता आणि १९९३ च्या महापुराने नव्या वाटेचेही लांबलचक भाग धुऊन नेले. डांबर महाग असते, झाडांची मुळे ते वर उचलतात, थंडीत त्याला तडे जातात. तरीही गावाजवळच्या वाटेला डांबरच हवे असे माझे ठाम मत आहे. चाकाची खुर्ची, बाबागाडी, लहान मुलाच्या सायकलीची चिमुकली चाके आणि ऑफिसच्या कपड्यांत निघालेला माणूस हे सगळे डांबरावरच निर्धास्त चालतात. मिनेसोटात ब्रेनर्ड ते बेमिजी या ‘पॉल बन्यन ट्रेल’वर पावणेदोनशे किलोमीटरहून अधिक अंतर असेच डांबरी आहे.

डांबरी वाटेचे शहाणे उदाहरण म्हणून व्हर्जिनियातली ‘वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन’ बघावी. वॉशिंग्टनजवळून सुरू होणारी ही रेल्वे १९६८ मध्ये बंद झाली. पट्टीचा काही भाग महामार्गाने घेतला, उरलेली वीज कंपनीने विकत घेतली आणि वर उच्च दाबाच्या तारा टाकल्या. तारांखालची जमीन रिकामीच राहणार होती. स्थानिक उद्यान प्राधिकरणाने वीज कंपनीशी बोलणी केली आणि १९७४ मध्ये फॉल्स चर्च इथे दीड मैलाचा एक तुकडा करून दाखवला. लोक आले. मग वर्षावर्षाने पट्टी विकत घेत १९८८ पर्यंत वाट पर्सेलव्हिलला पोचली. आज ती ७२ किलोमीटर लांब आहे आणि पट्टी तीस मीटर रुंद, त्यामुळे डांबराशेजारी घोड्यांसाठी मातीची वाटही बऱ्याच अंतरात मावली आहे. व्हिएन्ना आणि हर्नडनच्या जुन्या स्टेशन-इमारती जागच्या जागी उभ्या आहेत. रेस्टन, हर्नडन, अ‍ॅशबर्न या भागांत माहिती-तंत्रज्ञानातल्या भारतीयांची मोठी वस्ती आहे, मराठी घरे पुष्कळ आहेत. मुलांना भेटायला महाराष्ट्रातून गेलेले आई-वडील रोज सकाळी पायी फिरायला जातात ती वाट अनेकदा हीच असते. तिथे आपल्या माणसांना एक सवय नव्याने लावून घ्यावी लागते : उजव्या कडेने चालायचे, चौघांनी हातात हात घालून वाट अडवायची नाही, मागून घंटी किंवा ‘डावीकडून येतोय’ अशी हाक ऐकली की सरळ रेषेत राहायचे. गर्दी वाढल्यावर फॉल्स चर्चमध्ये पायी चालणाऱ्यांची आणि सायकलींची वाट अलीकडे वेगळी केली आहे. बॅटरीच्या सायकली आल्यापासून ही वेगळी वाट गरजेचीच झाली आहे.

आयडाहोतली ‘ट्रेल ऑफ द कर डलेन्स’ हे या साऱ्या विषयातले सर्वांत गंभीर प्रकरण आहे. तिथल्या सिल्व्हर व्हॅलीत चांदी, शिसे, जस्ताच्या खाणी होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे आलेल्या रेल्वेच्या भरावात खाणीतला टाकाऊ दगड आणि चुरा वापरला गेला. वर्षानुवर्षे धावणाऱ्या वाघिणींतून खनिजाची भुकटी सांडत राहिली. शिसे, आर्सेनिक, कॅडमियम मातीत साठले. जवळच्या बंकर हिल परिसराची १९८३ मध्ये देशातल्या सर्वाधिक प्रदूषित जागांच्या यादीत नोंद झाली. मार्ग बंद करताना युनियन पॅसिफिक कंपनी, केंद्र सरकार, आयडाहो राज्य आणि कर डलेन आदिवासी जमात यांच्यात तडजोड झाली. सगळी माती उकरून नेणे अशक्य होते. म्हणून काही ठिकाणची माती काढली आणि उरलेल्या भरावावर डांबराचे जाड झाकण घातले. त्या झाकणावर आज सुमारे ११६ किलोमीटर सायकली धावतात. २००४ मध्ये ही वाट खुली झाली. वाट सोडू नका, ठरलेल्या थांब्यांवरच खा, खाण्याआधी हात धुवा, अशा पाट्या जागोजागी आहेत. वाटेचा एक भाग त्या जमातीच्या ताब्यात आहे आणि ती जमातच तो सांभाळते. इथले सरोवर आणि ही खोरी मुळात त्यांचीच होती आणि विषाची सर्वाधिक झळही त्यांनाच लागली. इथे डांबराला तडा जाणे म्हणजे फक्त खड्डा नव्हे, खालचे विष उघडे पडणे. देखभालीला पैसे नाहीत असे म्हणायची सोय या वाटेला नाही.

आता जमिनीचा हक्क. लोकांमध्ये सर्वाधिक कडवटपणा इथेच आहे. रेल्वे कंपन्यांची पुष्कळ पट्टी त्यांच्या मालकीची नव्हती. मूळ मालकाने फक्त गाड्यांसाठी वहिवाट दिलेली होती. गाड्या बंद पडल्या की ती वहिवाट संपते आणि जमीन आपली होते, असे शेजारचे शेतकरी म्हणत, आणि अनेक राज्यांच्या कायद्यानुसार ते बरोबरही होते. १९८३ मध्ये अमेरिकी संसदेने १९६८ च्या राष्ट्रीय पायवाटा कायद्यात दुरुस्ती केली. पुढे कधी रेल्वे परत आणायची शक्यता राखून मधल्या काळात पट्टी वाट म्हणून वापरली, तर वहिवाट संपली असे मानायचे नाही, अशी ही तरतूद आहे. व्हर्माँटमधल्या एका दांपत्याने तिला आव्हान दिले. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तरतूद वैध ठरवली, मात्र जमीनमालक सरकारकडे भरपाई मागू शकतो हेही सांगितले. पुढे खालच्या न्यायालयात त्या दांपत्याचा भरपाईचा हक्क मान्य झाला. २०१४ मध्ये वायोमिंगमधल्या एका दाव्यात निकाल उलट गेला. १८७५ च्या कायद्याखाली सरकारी जमिनीतून दिलेली रेल्वेची वहिवाट, कंपनीने मार्ग सोडून दिल्यावर, संपते असे न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ठरवले. वाटेच्या बाजूने लढणाऱ्यांना हा निकाल फार लागला. मला मात्र दोन्ही निकाल एकत्र वाचले की चित्र बरे दिसते. पट्टी राखणे हे सार्वजनिक हिताचे आहे, आणि ज्याच्या जमिनीतून ती जाते त्याला पैसे न देता राखणे अन्याय आहे. भरपाईचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरला तर कोर्टात वर्षे जात नाहीत.

वाट आली की चोऱ्या होतील, घरांचे भाव पडतील, ही भीती जवळपास प्रत्येक ठिकाणी व्यक्त झाली. सिअ‍ॅटलची बर्क-गिलमन ट्रेल १९७८ मध्ये सुरू झाली. १९८७ मध्ये शहराने पाहणी केली, तेव्हा वाटेजवळची घरे सरासरी सहा टक्के अधिक भावाने विकली जात असल्याचे दिसले आणि चोऱ्या वाढल्याचे आढळले नाही. लहान गावांना तर वाटेने जगवले आहे. मिनेसोटातल्या लेन्सबरो या साडेसातशे वस्तीच्या गावातून रूट रिव्हर ट्रेल जाते. रेल्वे गेल्यावर ओस पडत चाललेल्या या गावात आज खानावळी, मुक्कामाची घरे, सायकली भाड्याने देणारी दुकाने आहेत.

मोठ्या शहरात हाच फायदा उलटतो. अटलांटात रायन ग्रॅव्हल या विद्यार्थ्याने १९९९ मध्ये आपल्या प्रबंधात शहराभोवतीचे जुने रेल्वेमार्ग जोडून पस्तीस किलोमीटरचे कडे करायची कल्पना मांडली. ‘बेल्टलाइन’ नावाची ही वाट उभी राहू लागली आणि तिच्या कडेच्या घरांचे भाडे इतके चढले की पिढ्यान्पिढ्या तिथे राहणाऱ्या कमी उत्पन्नाच्या, बहुतांशी कृष्णवर्णीय कुटुंबांना जागा सोडावी लागली. परवडणाऱ्या घरांकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही म्हणून २०१६ मध्ये ग्रॅव्हल यांनीच प्रकल्पाशी संबंधित संस्थेच्या मंडळाचा राजीनामा दिला. वाटेचा आराखडा आणि घरांचा आराखडा एकाच टेबलावर ठेवायला हवा होता.

युरोपातली कहाणी थोडक्यात. ब्रिटनमध्ये १९६३ च्या बीचिंग अहवालाने सुमारे आठ हजार किलोमीटर मार्ग आणि दोन हजारांहून अधिक स्टेशने बंद करायची शिफारस केली. त्याच काळात बंद पडलेल्या एका मार्गावर १९७९ ते १९८६ या काळात, बराचसा स्वयंसेवकांच्या श्रमांतून, ब्रिस्टल ते बाथ ही २१ किलोमीटरची डांबरी वाट झाली. २००८ मध्ये तिच्यावरून बससेवा न्यायचा बेत निघाला, तेव्हा शहर चिडून उठले आणि बेत मागे पडला. स्पेनने १९९३ पासून बंद मार्गांचा राष्ट्रीय कार्यक्रमच हाती घेतला. तिथली ओल्वेरा ते प्वेर्तो सेर्रानो ही ३६ किलोमीटरची वाट तीस बोगद्यांतून जाते, आणि ते बोगदे ज्या रेल्वेसाठी खणले ती गाडी कधी धावलीच नाही. आखेन ते लक्झेंबर्ग ही १२५ किलोमीटरची फेनबान तर राजकीय नवल आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मन प्रदेशातल्या या रुळांची पट्टी बेल्जियमला दिली. रूळ गेले, सायकली आल्या, तरी ती अरुंद पट्टी आजही बेल्जियमचीच आहे.

महाराष्ट्रात बंद मार्गांचा हा प्रश्न येतो तो मुख्यतः नॅरोगेजमुळे. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि पुढे लातूर, पंढरपूर, मिरजेपर्यंत गेली. या शतकाच्या पहिल्या दशकात ती ब्रॉडगेज झाली, तेव्हा धाराशिव शहराला रेल्वे देण्यासाठी मार्ग वळवला गेला आणि काही ठिकाणी जुना भराव मागे उरला. नॅरोगेजबाहेरचे उदाहरण म्हणजे बोरघाटातले जुने रिव्हर्सिंग स्टेशन, जिथे गाडीची दिशा उलटी केली जाई; ते १९२९ मध्ये नवी मार्गरेषा आल्यावर बंद झाले.

सर्वांत मोठा प्रश्न विदर्भातल्या ‘शकुंतला’ या नॅरोगेज गाडीचा आहे. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूर आणि तिथून दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूर, असा हा सुमारे १९० किलोमीटरचा मार्ग. इंग्रजी अमलात कापूस बंदराकडे नेण्यासाठी तो बांधला गेला आणि स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ खासगी कंपनीच्या मालकीचा राहिला. १९९४ पर्यंत तिथे वाफेचे इंजिन होते. आता गाड्या बंद आहेत. तिथल्या लोकांची मागणी ब्रॉडगेजची आहे, सायकलवाटेची नाही, आणि ती मागणी रास्त आहे. यवतमाळ-अचलपूरच्या गरीब प्रवाशाला एसटीपेक्षा स्वस्त गाडी होती ती हीच.

म्हणूनच अमेरिकेतली १९८३ ची तरतूद इथे विचारात घेण्याजोगी आहे. गेजबदलाचा निर्णय होईपर्यंत पट्टी अतिक्रमणात जाऊ द्यायची की सार्वजनिक वापरात ठेवून राखायची, इतकाच प्रश्न आहे. मानव विकास कार्यक्रमातून गरजू तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली मिळतात. त्या मुली आज राज्यमार्गाच्या कडेने, ट्रक आणि ट्रॅव्हल्सच्या वाऱ्यात शाळेला जातात. कारंजा किंवा दर्यापूरच्या दोन्ही बाजूंना पाच-सात किलोमीटरचा तुकडा मुरूम दाबून आणि गावाजवळ डांबर टाकून मोकळा केला, कडेला कडुनिंब लावला, तर पहिला उपयोग त्यांना होईल. दोन अडचणी नक्की येतील. मोटारसायकली घुसतील, म्हणून प्रत्येक तोंडाशी खांब लागतील आणि ते काढले जाणार नाहीत यासाठी ग्रामपंचायतीकडे जबाबदारी आणि निधी दोन्ही द्यावे लागतील. आणि उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत सावलीशिवाय कुणी तिथे फिरकणार नाही, म्हणून झाडे डांबराच्या आधी लावायला हवीत. वाट तात्पुरती आहे आणि रेल्वेचा हक्क कायम आहे, असा करार पहिल्या दिवशीच लिहून घ्यायचा. रेल्वे, महसूल खाते आणि जिल्हा परिषद या तिघांच्या सह्या त्यावर हव्यात, आणि मोजणी करून हद्दीचे दगड रोवायचे काम त्याआधी पूर्ण हवे.